घडीच्या फोनातले 'हे'

सुनेच्या ऑफिसचा तो घडीचा फोन आमच्या घरात पाच महिने मिटलेला पडून होता. तो कोणी उघडायचा नाही, असं मी सांगून ठेवलं होतं. उघडला तर बायकोने त्यात लिहिलेलं पुसलं जाणार होतं, आणि नाही उघडला तर ते पुरतं वाचता येणार नव्हतं. मला दोन्हीची भीती होती. खरं सांगायचं तर पुसलं जाण्याची कमी आणि वाचण्याची जास्त.

आधी फोन घरात कसा आला ते सांगतो.

माझी सून मोबाईलचे पडदे मांडते. म्हणजे ॲपमध्ये कुठलं बटण कुठे, अक्षर केवढं, चित्र कुठल्या अंगाला, हे ती ठरवते. ते चालवणारी कॉम्प्युटरची भाषा लिहिणारे वेगळे असतात. मुलगा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार येतो. सून आमच्या नेरूळच्या घरातूनच काम करते, जेवणाच्या टेबलावर बसून. गेल्या वर्षी तिच्याकडे स्वयंपाकाचं एक ॲप आलं. साध्या फोनवर ते चांगलं चालत होतं. टॅबवर नेलं की नुसतं ताणून बसवल्यासारखं दिसायचं, आणि मधोमध घडी पडणारे जे नवे फोन आलेत त्यांच्यावर तर त्याचं पार कडबोळं व्हायचं. एकच ॲप लहान पडद्यावर अंग चोरून बसलं पाहिजे, मोठ्यावर ऐसपैस बसलं पाहिजे, आणि फोन अर्धा दुमडला तर त्यानेही दुमडून घेतलं पाहिजे. त्यासाठी ऑफिसने दोन टॅब आणि दोन घडीचे फोन घरी पाठवले होते.

मला हसू आलं. म्हटलं, "एवढं शिकून हेच करतेस व्हय? खोलीपरमानं फर्निचर. हे तर मी चौथी शिकून केलं."

ती रागावली नाही. म्हणाली, "मग कसं केलंत ते सांगा की, बाबा. मला फुकट शिकायला मिळेल."

मी सुतार. साताऱ्याकडून आलो तेव्हा वाशीचे सेक्टर भरत होते. एक खोली, एक किचन आणि त्यात सहा माणसं. दिवसा तीच बैठक, जेवताना तीच पंगत, संध्याकाळी पोरांचा अभ्यास तिथेच. भिंतीत उभी राहणारी कॉट, खाली पाडायचं टेबल, आत सरकणारी बाकडी असं काम मी करायचो. धंद्यात त्याला फोल्डिंगचं काम म्हणायचे. आता उलव्याच्या टॉवरांत सगळं खोक्यातून तयार येतं. तेव्हा मी पहिल्यांदा घरात जाऊन तासभर नुसता बसायचो. बाई पाण्याला कुठून जाते, म्हातारी उठताना हात कुठे टेकते, पोर कुठे आपटतं ते बघायचो, मग टेप काढायचो. हे सगळं सुनेला सांगितलं. आणखी एक सांगितलं की बिजागरीच्या जागी काही ठेवायचं नाही. ना मूठ, ना कडी, ना कप्पा. बिजागरी हलते. तिच्यावर ठेवलेलं एक तर चिमटतं नाहीतर निखळतं.

तिने वहीत लिहून घेतलं. "आमच्याकडे पण सेम, बाबा. घडीवर बटण नको."

पुढे आठ दिवस मी घरात इंजिनिअरसारखा फिरत होतो. बायको सुनेला म्हणाली, "ह्यांना आता कोणी खाली उतरवा गं."

बायकोने माझं नाव कधी घेतलं नाही. समोर 'अहो', माघारी 'हे'. ह्यांना वाढ, ह्यांचा चष्मा बघ, हे आले वाटतं. आमच्या पिढीत तसंच होतं. लग्न झालं तेव्हापासून आमच्या घरात 'हे' म्हणजे मी.

ॲप तपासायला सुनेला खरी स्वयंपाक करणारी बाई हवी होती. ऑफिसातल्या पोरांना म्हणे चहासुद्धा येत नाही. म्हणून तिने सासूलाच कामाला लावलं. बायको फोन अर्धा उघडून ओट्यावर उभा करायची, पाटीसारखा. वरच्या अर्ध्यात चित्र, खालच्या अर्ध्यात कृती. हात पिठाचे असले की बोटाच्या मागच्या पेराने पडदा सरकवायची. भाकरी तिला कोणी शिकवायला नको होती, पण कृती वाचून करायची आणि वाचताना कुठे अडलं ते लिहायचं, असं तिचं काम. ॲपात खाली अभिप्रायाचं एक खोकं होतं. त्यात ती एका बोटाने लिहायची. सातवीपर्यंत शिकलेली, माझ्यापेक्षा जास्तच. एकदा फार खुशीत मला म्हणाली, "अहो, माझं लिहिलेलं ऑफिसात सगळे वाचतात."

मी म्हटलं, "वाचून हसत असतील."

तिने परात घेतली आणि पीठ मळायला लागली.

एक खोट तिनेच पकडली. फोन मिटलेला असताना बाहेरच्या छोट्या पडद्यावर तिने चार ओळी लिहिल्या, फोन उघडला, तर आत खोकं कोरं. "अगं, माझं लिहिलेलं कुठं गेलं?" सुनेने तिला आणि मला समजावलं. फोन उघडला की ॲपला वाटतं पडदाच नवीन आला. ते पहिल्यापासून सगळं मांडायला घेतं. मांडताना आधीचं लिहिलेलं उचलून घे, असं त्याला सांगून ठेवावं लागतं, आणि ते सांगायचं राहिलं होतं. फोन बंद होऊन चालू झाला तरी लिहिलेलं राहायचं, पण उघडला की ते कोरं खोकं जुन्याच्या जागी ठेवून द्यायचं. मी म्हटलं, "म्हंजे भाडेकरूनं घर बदललं आनि सामान जुन्या घरात ऱ्हायलं." सून म्हणाली, "आणि जुनं घर पाडलं, बाबा." दुरुस्ती होईपर्यंत तिने सासूला सांगितलं, की आई, फोन मिटलेला ठेवूनच लिहा, पाठवा, आणि मगच उघडा. बाहेरच्या पडद्यावर खोकं अगदी लहान होतं. मजकूर वाढला की मधल्याच कुठल्या तरी तीन ओळी दिसायच्या, तिसरीचा शेवट पाठवायच्या बटणाखाली जायचा, खालचं सगळं कीबोर्ड झाकायचा, आणि खोकं वरखाली सरकायचं नाही. ही खोटसुद्धा दुरुस्तीच्या यादीत होती.

त्या दिवशी दुपारी सून वाशीला ऑफिसात गेली होती. बायको ओट्याशी उभी राहून मिटलेल्या फोनवर लिहीत होती. लिहिता लिहिता म्हणाली, "अहो, जरा कसंतरी होतंय."

मी म्हटलं, "त्या मोबाईलात डोकं घालून बसल्यावर दुसरं काय व्हनार? ठेव ते. चहा टाक."

तिने फोन ठेवला. चहा टाकला. मला कप दिला, स्वतः घेतला नाही, आणि स्टुलावर बसली. माझा चहा संपायच्या आत ती भिंतीला कलली होती. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात नेलं. तिथून ती परत आली नाही. एवढंच झालं. ह्याच्यापुढचं मला लिहिता येत नाही.

तेरावा झाल्यावर सुनेने ऑफिसचं सामान गोळा केलं. तो फोन बंद पडला होता, तो तिने चार्जरला लावला. बाहेरचा पडदा लागला आणि ती बघत राहिली. मग फोन पालथा घातला. मला दिसलं. मी म्हटलं, "काय हाय त्यात?"

"काही नाही, बाबा. आईंचा अभिप्राय. पाठवायचा राहिलाय."

मी फोन उचलला. खोक्यात तीन ओळी होत्या.

हे मधेच येतात. ह्यांच्यामुळे
मला काही करता येत नाही.
ह्यांना

त्याच्या खाली कीबोर्ड. क, ख, ग.

सून म्हणाली, "हे ॲपबद्दल असेल. आई ॲपबद्दलच लिहायच्या."

"ॲपला कोन ह्यांना म्हनतं? ह्याला म्हनतं."

त्यावर ती गप्प झाली. ती गप्प झाली म्हणून मला जास्त लागलं. मी ठरवलं, हा फोन उघडायचा नाही आणि ते पाठवायचंही नाही, पाठवलं तर अख्खं ऑफिस वाचणार. ह्यांना, आणि पुढे काय? ह्यांना समजवा? ह्यांना सांगू नका? ह्यांना कधी काही कळलंच नाही? दवाखान्यात जायच्या जेमतेम तासभर आधी तिने हे लिहिलं होतं. मी पलीकडे बसून चहा मागत होतो, आणि ती माझ्याबद्दल अख्ख्या ऑफिसला लिहीत होती.

फोन मी कपाटात साड्यांच्या कप्प्यात ठेवला. पण तेवढ्याने सुटका झाली नाही. किचनच्या फळीवर एक टॅब राहिला होता. त्याच्यावर तेच ॲप होतं. आडवा ठेवला की डाव्या अंगाला पदार्थांची यादी, उजव्या अंगाला निवडलेल्या पदार्थाची कृती. रोज चार वाजता तो आपोआप उजळायचा आणि टिंग वाजायचा. मटकी भिजत घाला. तिने तशी आठवण लावून ठेवली होती, रोजची, आणि ती काढायची कशी ते मी सुनेला विचारलं नाही. सुनेनेही काढली नाही. चार वाजले की मी किचनच्या दारात येऊन उभा राहायचो. डावीकडे तिने खूण केलेली यादी, मटकी, भरली वांगी, शेंगोळी, आणि उजवीकडे रिकामा पांढरा पडदा. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, काहीतरी निवडा. थोड्या वेळाने उजेड जायचा, आणि त्या काळ्या काचेत दारात उभा असलेला मी दिसायचो. मधेच.

त्या शब्दाने मला धरलं होतं. खरंच मी मधे येतो का, ते मी बघायला लागलो. सून ताट घेऊन येत असली की मी बरोबर बोळात असायचो. कपडे वाळत घालताना खिडकीशी मी. किचनमध्ये तर दारातच. एवढ्या लोकांच्या घरात माणसाला वाट कशी ठेवायची ते मी ठरवलं, आणि माझ्या घरात माझ्यासाठी जागा कुठे ठेवली होती? मी भिंतीच्या कडेने चालायला लागलो. खुर्ची ओढून कोपऱ्यात नेली. शिरवण्याच्या बाजूला फिरायला जायचो ते उन्हं कलेपर्यंत यायचो नाही, म्हणजे घर मोकळं राहील. कधी पाठीमागे हालचाल झाली की मी पटकन बाजूला व्हायचो. मागे कोणी नसायचं. सून एकदा म्हणाली, "बाबा, असं काय चालता? चोरासारखे."

"वाट देतो," मी म्हटलं.

"कोणाला?"

मी चपला चढवल्या.

पाच महिन्यांनी ऑफिसने सामान परत मागितलं. सून माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, फोन द्यावा लागेल. तिकडे गेला की ते आधी सगळं साफ करतात. मग आईंचं लिहिलेलं कायमचं गेलं. मी एक केलंय. रागावू नका."

तिने ऑफिसातल्या प्रोग्रामरकडून ॲपची नवी आवृत्ती करून घेतली होती. फोन उघडला की आधी बाहेरचं लिहिलेलं उचलायचं, मगच आतला पडदा मांडायचा. दुसऱ्या घडीच्या फोनवर तिने ते माझ्यासमोर करून दाखवलं. लिहिलं, उघडला, लिहिलेलं आत आलं. मिटला, बाहेर गेलं. मी पण केलं. मी लिहिलं, मी सुतार आहे. उघडलं. मी सुतार आहे, तेच मोठ्या पडद्यावर. पंधरा वेळा केलं असेल. सोळाव्यांदा करायला लागलो तेव्हा सून म्हणाली, "बाबा, टेन्शन फोनचं नाहीये ना?"

"न्हाई."

"मग?"

"आत काय लिहिलंय त्याचं हाय. मरताना माझ्या नावानं खडे फोडले असतील तर?"

"मला पण भीती वाटते," ती म्हणाली. "अभिप्राय आजच पाहिजे म्हणून मीच मागे लागले होते. त्या दिवशी सकाळी दोनदा सांगून निघाले, आई, आज विसरू नका."

हे तिने मला तोवर सांगितलं नव्हतं. पाच महिने एकाच टेबलावर जेवत होतो आम्ही.

मी कपाटातून फोन आणून दिला. तिने त्यावर नवी आवृत्ती घातली. बाहेर त्याच तीन ओळी. सकाळचे अकरा वाजले होते, खाली सोसायटीत कोणी कारच्या काचा धूत होतं. ती म्हणाली, "तुम्ही उघडा." मी म्हटलं, "न्हाई, तू उघड." मग तिने एका बाजूला धरला आणि मी दुसऱ्या. बिजागरी जरा घट्ट झाली होती. अर्ध्यावर ती क्षणभर अडली, मग सुटली.

आतला पडदा पांढरा झाला. काही नव्हतं. सुनेने श्वास घेतला तो मला ऐकू आला. मग अक्षरं आली, सगळी एकदम, मोठी.

"फोन उघडला की हे चार ठोकळे मधल्या रेघेवर येऊन बसतात. रेघ खोलगट आहे, बोट नीट बसत नाही. पुढे दाबलं की मागे जातं. हे मधेच येतात. ह्यांच्यामुळे मला काही करता येत नाही. ह्यांना दोन्ही कडांना सरकवा, अंगठा पोचेल असं. बाकी भाकरीचं चित्र चांगलं आहे पण भाकरी कच्ची आहे."

ठोकळे म्हणजे बटणं. यादी, घड्याळ, मागे, पुढे. सून हळूच म्हणाली, "मधोमध लावायला सांगितलं होतं मी. छोट्या पडद्यावर मधोमध चांगलं दिसतं. उघडल्यावर मधोमध म्हणजे घडीच की. तुम्ही सांगून पण मी चुकले."

मी पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. "एवढंच?"

"एवढंच, बाबा."

"पाच महिने मी चार ठोकळ्यांशी भांडलो."

ती हसायला लागली, आणि हसता हसता ओढणी तोंडाला लावून रडली. ती मोकळी झाली. मला वाटलं होतं मीही मोकळा होईन. झालो नाही. त्यात मी कुठेच नव्हतो. तक्रार नाही, नाव नाही, ह्यांना जेवण वेळेवर दे एवढंसुद्धा नाही. शिवी असती तरी ती माझ्यासाठी असती. शेवटच्या तासात तिला अडचण झाली ती बटणांची, आणि शेजारी बसलेला मी तिच्या खिजगणतीत नव्हतो, असं मला झालं.

सुनेने विचारलं, "हे ऑफिसात पाठवू ना?"

"पाठव. तिनं पाठवायलाच लिहिलंय. आनि ठोकळे सरकव."

तिने पाठवलं. मी उठलो नाही. म्हटलं, "माझ्याबद्दल कधी काय बोलली न्हाई तुझ्यापाशी?"

"जाऊ दे ना, बाबा."

"सांग. गोड करून सांगू नगंस."

ती मग म्हणाली, "म्हणायच्या की. रोज म्हणायच्या. मी फोडणी टाकते आणि हे मधेच येतात, पाणी पितात, आणि निघतच नाहीत."

"म्हंजे म्हनायची."

"म्हणून तर मी त्या दिवशी गप्प बसले."

"अजून?"

"ह्यांचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. ह्यांना दुसऱ्याने केलेलं कुठलंच कपाट आवडत नाही, आणि आपल्या कपाटाचा खण गेल्या दिवाळीपासून अडकतोय."

ते खरं होतं. मी हसलो. त्या घरात मी हसल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. "अजून?"

आता ती फोनवरून बोट फिरवत राहिली.

"त्या आठवड्यात एक म्हणाल्या होत्या," ती म्हणाली. "ह्यांना फळीवर नुसतं बोट वाजवून कळतं, आतून कीड लागलीय ते. माणूस शेजारी बसून खचत चाललंय, ते नाही कळत."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "नको होतं सांगायला."

मी म्हटलं, "न्हाई. बरोबर बोलली."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि पुन्हा विचारलं, "अजून काय म्हनायची?"